कॅडेटची वहिनी

माझं लग्न झालं तेव्हा मी चौथीत होते, आणि हे माझंही लग्न आहे हे मला हळद लावायला बसवलं तेव्हा कळलं. तोवर मी समजत होते, लग्न विमलचं आहे. विमल माझी चुलत बहीण. ती नार्नूरच्या चंपतरावांच्या थोरल्या मुलाला, सुधाकररावांना, दिली होती. आदिलाबादजवळच्या आमच्या गावात, मावल्यात, आमच्या दारी मांडव पडला, वाजंत्री आली, आणि कोणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की त्यांना धाकटा मुलगा आहे, आपल्याला धाकटी मुलगी आहे, मग एकाच मांडवात दोन्ही उरकून टाकू. आमच्याकडे ही रीतच होती. नवरदेव तेरा वर्षांचा. बाशिंगाखाली त्याचं कपाळ खाजत होतं आणि तो रडवेला झाला होता, एवढंच मला आठवतं. दुसऱ्या दिवशी विमल सासरी गेली आणि मी शाळेत गेले. माझी पाठवणी मी मोठी झाल्यावर करायची ठरली.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेणार. ज्याला आठ वर्षं नवरा म्हणायची सोय नव्हती, त्याला निदान नावानं तरी ओळखू द्या. अमृत त्याचं नाव.

अमृत हुशार निघाला, इथूनच सगळी गडबड सुरू झाली. दहावीनंतर त्याला मंचेरियलला त्याच्या मामाकडे, उद्धवरावांकडे, ठेवलं. उद्धवराव कोळशाच्या खाणीत कामाला होते. त्यांच्या कॉलनीतली पोरं कसल्या कसल्या परीक्षांना बसायची, तसा हाही बसला आणि मुंबईच्या जहाजाच्या कॉलेजात त्याचा नंबर लागला. तीन वर्षं शिकायचं, मग दीड वर्ष जहाजावर उमेदवारी, मग साहेब. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. माझ्या सासऱ्यांना, चंपतरावांना, तर वाटलं की रेल्वेसारखंच हे काहीतरी असणार. चार वर्षं नोकरी झाली की पोरगा बदली मागून मंचेरियलला येईल.

कॉलेजला एक दाखला हवा होता. मुलगा अविवाहित असल्याचा. तहसील कचेरीतला गिर्दावर नार्नूरला चौकशीला आला तेव्हा चंपतराव दुकानाच्या फळीवर बसून बिनदिक्कत म्हणाले, "पाठवणी झाली नाही. पोरगी बापाच्या घरी हाये. मंग संसार कुठी झाला, साहेब? लिवा अविवाहित." ते खोटं बोलत नव्हते. आमच्याकडे सून उंबरठा ओलांडून येते तेव्हा पोरगा लग्नाचा झाला असं समजतात. त्याआधी तो नुसता मांडवाखालून गेलेला असतो. गिर्दावरानं मान डोलावली, दस्तखत केलं, चहा पिऊन तो गेला.

नंतर उद्धवरावांनी नीट समजावलं की मांडवाखालून गेलेलाही चालत नाही, आणि तीन वर्षांत कधीही उघडकीला आलं तर नाव कापतात. मग मात्र सगळ्यांचं धाबं दणाणलं. सासरकडून निरोप आला: शिक्षण होईस्तोवर पाठवणीचं नाव काढायचं नाही, पोरीनं पोराशी बोलायचं नाही, आणि गळ्यातलं काढून ठेवायचं. माझ्या आईनं, बयनाबाईनं, माझं मंगळसूत्र तुरीच्या डाळीच्या डब्यात घालून ठेवलं. डाळ काढायचं काम माझ्याकडे होतं. रोज सकाळी ते हाताला लागायचं आणि रोज सकाळी मी ते डाळीत परत खुपसायची. पंधरा वर्षांची होते मी. लग्न झालं तेव्हा मला नवरा नको होता आणि आता हवासा वाटायला लागला, तर तो सरकारदरबारी ब्रह्मचारी होऊन बसला होता.

पहिल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो मावल्याला आला. निमित्त विमलच्या निरोपाचं होतं. आमचा भाजीचा मळा आहे. माझे वडील, नागोराव, विहिरीजवळ आंब्याखाली बसले होते. मी वांग्याच्या वाफ्यात होते. तो आला तो मान ताठ ठेवून, केस इतके बारीक कापलेले की कान मोठे दिसत होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. वडिलांसमोर बसला आणि एवढ्या मोठ्यानं बोलायला लागला की वडील म्हणाले, "हळू बोल ना, बाप्पा. मी काय बहिरा हावो?"

तो हळू बोलला नाही. मला दोन वाफे गेल्यावर समजलं की तो त्यांच्याशी बोलतच नव्हता.

"पहाटे भोंगा वाजते, मामा. मंग डेक घासाचा. नारळाच्या करवंटीनं."

"करवंटीनं?" वडिलांनी विडी विझवली. "अन् त्याच्यासाठी बारावी पास लागते?"

"शिस्त लागावी म्हणून असते ते. मंग परेड. मंग वर्ग. नाव वल्हवा लागते, हाताले फोड येते. दोर बांधाचे शिकवते. दिव्यानं बोलाचं शिकवते. एक जहाज लांब हाये, दुसरं लांब हाये, बोलता येत नाही, तर दिवा लावाचा अन् झाकाचा. लावाचा अन् झाकाचा. समोरच्याले बरोबर समजते."

"शब्द नसून समजते?"

"समजते, मामा. त्यानं पाहून राह्यलं पाहिजे फक्त."

मी पाहून राहिले होते. हातातलं वांगं कोवळं आहे की जून, याच्याकडे माझं लक्ष नव्हतं. त्या दिवशी मी टोपलीभर कोवळी वांगी तोडली म्हणून आईनं माझा उद्धार केला.

मग त्यानं ताऱ्यांचं सांगितलं. ते मला अजून पाठ आहे. म्हणाला, जहाज कुठं आहे ते ताऱ्यांवरून काढतात, आणि ते फक्त पहाटे फटफटताना नाही तर दिवेलागणीला. उजेड पुरता गेला तर समुद्राची कड दिसत नाही. उजेड पुरता असला तर तारा दिसत नाही. दोन्ही दिसतं तो वेळ अगदी थोडा. तेवढ्यात तारा पकडायचा.

"अन् बाकी टाईम?" वडिलांनी विचारलं. "बाकी टाईम तुमी कुठं हा ते तुमाले मालूम नसते?"

"अंदाजानं चालवतो, मामा," तो म्हणाला. आणि हे वाक्य मात्र तो हळू बोलला.

जाताना तो विहिरीपाशी गेला. आमच्या बादलीची दोरी नेहमी सुटायची आणि बादली विहिरीत पडायची. त्यानं दोरीचं टोक कडीतून घेतलं, एक वेढा, वरून, खालून, ओढलं. "आता ही निसटणार नाही, मामा. अन् सोडाची म्हटली तर सहज सुटन." तो गेल्यावर वडील म्हणाले, पोरगा मुंबईला जाऊन गाठ मारायला शिकला, चांगलं आहे. सगळे घरात गेल्यावर मी ती गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. पहिल्यांदा जमली नाही. घाबरले, की उद्या बादली पडली तर त्याची नाचक्की होईल. मग सोडत बांधत बसले, जमेपर्यंत. त्या दोरीला त्याच्या हाताचा वास नव्हता, सुंभाचाच होता. तरी मी हात धुतले नाहीत. हसायचं तर हसा.

त्यानंतरच्या सुट्यांत तो मावल्याला आला नाही. एकदा म्हणे त्यांना सरावाला जहाजावर नेलं, एकदा मुंबईलाच थांबला. विमल माहेरी आली की मी तिला आडून आडून विचारायची. ती म्हणायची, "येते ना कधी कधी. इंग्रजी पेपर वाचते. जेवताना चमचा मागते." मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, पुढे कॉलेजात तेलुगू आणि इंग्रजी म्हणून घरी बसलेली. त्याला चमच्यानं जेवणारी हवी असेल तर? आणि हवी असली तर अडचण तरी काय होती? कागदावर तो मोकळाच होता. कागद खरा धरायचा म्हटलं तर कुणाला काही सोडावंसुद्धा लागणार नव्हतं.

हे मला एकटीलाच सुचत नव्हतं. आदिलाबादच्या बाजारात भाजी घेऊन बसलं की बाया विचारायच्या, "काऊन वं मनकर्णा, तुही पाठवणी कधी?" आधी चेष्टेनं विचारायच्या, मी अठरा वर्षांची झाले तेव्हा कीव करून विचारायला लागल्या. चेष्टा परवडली. कीव केली की मी भाव वाढवून सांगायची.

शेवटी वडील चिडले. उटनूरचं एक चांगलं स्थळ आलं होतं, दुकान असलेलं, आणि त्या लोकांना माझी सगळी हकीकत माहीत असूनही चालत होतं. वडील थेट नार्नूरला गेले आणि व्याह्यांना म्हणाले, "त्र्याण्णव साल लागलं. पोराचं कॉलेज संपून राह्यलं. आता एक तर पोरगी घरी न्या, नाही तर मोकळी करा. दोन्ही नाही म्हणाल तर मी ऐकणार नाही."

चार दिवसांनी माझी सासू, प्रयागबाई, स्वतः मावल्याला आली. तिनं पाणी घेतलं नाही की बूड टेकलं नाही. "नागोरावभाऊ," ती म्हणाली, "पोराच्या मनात काय हाये ते मले मालूम नाही. मी खोटं बोलत नाही. विचारलं तर 'पाहू' म्हणते. कॉलेज सरलं म्हणून मायबापाले बोलावलं तिथं, मोठा कार्यक्रम हाये. मी पोरीले संग नेतो. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहावं. तिचं तिले समजन. तिनं नाही म्हटलं तर आमी सोडचिठ्ठी देतो."

"अन् तिथं कोण म्हणून न्याल तिले?" आईनं विचारलं.

इथं माझ्या सासूची अक्कल पाहा. विमल नुकतीच बाळंत झाली होती, ती येऊ शकत नव्हती. सुधाकरराव येणार होते. "विमल म्हणून नेतो," सासू म्हणाली. "थोरली सून. अमृताची वहिनी."

आता ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांना हे साधं वाटेल. सुधाकरराव माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यापुढे सून पदराशिवाय येत नाही, त्यांच्याशी बोलत नाही, त्यांच्या अंगावर स्वतःची सावली पडू देत नाही. आणि त्यांची बायको म्हणून मी मुंबईत मिरवायचं होतं. सुधाकररावांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "आई, मी येतच नाही." सासूनं त्यांना काय सांगितलं देव जाणे, पण ते आले. गाडीत ते डब्याच्या पार दुसऱ्या टोकाला बसले, आणि मुंबई येईस्तोवर खिडकीच्या बाहेर तोंड करून राहिले.

निघताना आईनं डाळीच्या डब्यातून मंगळसूत्र काढून माझ्या गळ्यात घातलं. तीन वर्षांनी. माझंच होतं, माझ्याच नवऱ्याच्या नावाचं, आणि मी ते दुसरीची जागा घ्यायला घातलं होतं.

समुद्र मला आवडला नाही, हे सांगून टाकते. कॉलेज समुद्राच्या काठालाच होतं आणि ते पाणी पैनगंगेच्या पुरासारखं गढूळ होतं. पण त्याला पलीकडचा काठ नव्हता. मी डोळे ताणून पाहिलं. पैनगंगेच्या पलीकडे निदान महाराष्ट्र दिसतो. इथं काहीच नव्हतं, एक रेघ होती. याच्यापुढे गेलेल्या माणसाची वाट कुठं तोंड करून पाहायची, असं माझ्या मनात आलं आणि मी पाठ फिरवली.

परेड झाली. बँड वाजत होता, पांढऱ्या कपड्यांतली पोरं रांगांनी चालत होती, सगळ्यांचे हात एकाच उंचीला जात होते. मी त्याला शोधत होते आणि तो मला सापडत नव्हता. प्रत्येक टोपीखाली तोच वाटायचा आणि कुणीच तो नसायचा. सासूनं मात्र लगेच ओळखला. "तो पाह्य, तिसरा. डावा पाय अजून तसाच टाकते." मला नवरा दाखवावा लागला, या गोष्टीची मला इतकी लाज वाटली की मी पदर आणखी पुढे ओढला.

परेड सुटल्यावर तो आमच्याकडे धावत आला. आईला पाहून हसला, भावाला पाहून हसला, मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि तो जागच्या जागी थांबला. मी येणार हे त्याला कुणी कळवलं नव्हतं. सासू पुटपुटली, "इमल म्हणून आणली, लेका. सांभाळ." त्याचे दोन मित्र मागून आलेच. आणि अमृत माझ्या डोळ्यांदेखत सावरला. "माझी आई," तो म्हणाला, "हे दादा. आणि या वहिनी."

शब्द कुठं अडखळला नाही. वहिनी. इतकं साफ. मी काय धरून बसले होते? तो गडबडेल, लाल होईल, मान खाली घालेल असं? तीन वर्षांत हा माणूस खोटं बोलायला शिकला होता, की हे त्याला आता खोटं वाटतच नव्हतं, हे मी त्याच्या चेहऱ्यावरून वाचायला आले होते आणि चेहरा तर कोरा होता. नंतर अर्धा तास तो आम्हाला फिरवत होता. ही वल्हवायची होडी, ही नकाशांची खोली, हे तारे मोजायचं यंत्र. आईला सगळं समजावून सांगत होता, अगदी हळू आवाजात. माझ्याकडे एकदाही त्यानं पाहिलं नाही. मी मनातल्या मनात उटनूरच्या दुकानाला होकार द्यायला लागले होते. खोटं कशाला सांगू, त्या दुकानात कोणत्या रंगाची बरणी कुठं ठेवायची इथपर्यंत मी पोचले होते.

मग चहा होता. त्यानंतर पास झाल्याचे दाखले वाटायचे होते. हिरवळीवर खुर्च्या, पावात काकडी घातलेलं काहीतरी, आणि कॉलेजचे मोठे कॅप्टनसाहेब प्रत्येक घरच्यांशी दोन शब्द बोलत फिरत होते. त्यांच्याबरोबर त्यांची बायको होती, कोकणातली, गोरीपान, बोलघेवडी. मराठी लोक दिसल्यावर ती आमच्याजवळच थांबली.

"अय्या, आदिलाबादहून? एवढ्या लांबून? तुमचा मुलगा गुणी आहे हो. साहेब सारखं म्हणतात. आता याच्यासाठी मुलगी बघा चांगली. माझ्या माहितीत आहे एक, सांगू का?"

सासू तोंडात घास असल्याचं निमित्त करून गप्प बसली. अमृत बुटांकडे पाहत होता. त्यानं नाही म्हटलं नाही. आता हे तर मीच सांगते, नाही म्हणता येण्यासारखं तिथं नव्हतंच, पण त्या वेळी मला कुठं एवढा पोच होता.

तेवढ्यात फोटोवाला आला. "मिस्टर-मिसेस जवळ या," म्हणून त्यानं मला सुधाकररावांकडे ढकललं. मी डोक्यावरचा पदर धरून एक पाऊल मागे सरले, आणि सुधाकरराव तर इंगळी चावल्यासारखे हातभर बाजूला उडाले. फोटोवाला पुन्हा जवळ आणायचा, आम्ही पुन्हा लांब. कॅप्टनसाहेबांच्या बायकोला हसू आवरेना. "भांडलाय वाटतं दोघं! प्रवासात भांडण होतंच. अहो, फोटोपुरते तरी जवळ या!" सुधाकररावांच्या कपाळावर घाम आला होता. साहेबही आमच्याकडे पाहायला लागले. सासूनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. दाखला अजून टेबलावर होता, सहीचा, फितीत गुंडाळलेला. एक शब्द वेडावाकडा गेला असता तर तीन वर्षं मातीत.

प्रसंग टाळायला अमृतनं वाकून आईच्या पायांना हात लावला. मग भावाच्या. मला वाटलं, सुटलो.

"हे रे काय?" ती बाई म्हणाली. "आईच्या पाया पडलास, भावाच्या पडलास, वहिनीनं काय घोडं मारलंय? वहिनी म्हणजे आईच्या जागी. पड पाया."

सासूच्या तोंडून "बाई!" असं निघालं. नवऱ्यानं बायकोच्या पाया पडायचं, हे आमच्याकडे पाप, आणि ते बायकोला लागतं. आणि वहिनी म्हणून पडला, आईच्या जागी मानून पडला, तर मग पुढे कसला संसार? मला पळून जावंसं वाटलं. मी अमृतकडे पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यानंही माझ्याकडे सरळ पाहिलं. टोपीखाली कपाळावर त्याला घाम सुटला होता. मी मान हलवून नाही म्हणणार होते. त्याआधी तो वाकला.

आठ वर्षांत माझ्या नवऱ्यानं मला पहिल्यांदा हात लावला, तो पायांना.

पण त्यानं पाया पडल्यासारखा हात लावला नाही. पाया पडणारा बोटं टेकवतो आणि हात उचलतो. अमृतनं माझ्या उजव्या पायाचा अंगठा धरला. सप्तपदीला नवरा असाच वाकतो, नवरीचा उजवा अंगठा धरतो आणि तांदळाच्या सात राशींवरून तिचं पाऊल एकेक करून पुढे सरकवतो. त्यानं अंगठा धरला आणि माझं पाऊल, सगळ्यांसमोर, त्या हिरवळीवर, वीतभर पुढे सरकवलं. मी सरकू दिलं. बारीक कापलेले केस मला वरून दिसत होते, मानेवर उन्हानं काळवंडलेली रेघ दिसत होती, आणि तिथं हात ठेवावा असं मला इतकं वाटलं, इतकं वाटलं, की मी दोन्ही हातांनी स्वतःचाच पदर धरून ठेवला.

"आशीर्वाद द्या की, वहिनी!" ती बाई म्हणाली.

"लवकर घरी या," मी म्हटलं.

"अहो, मोठा हो म्हणा, नाव काढ म्हणा! घरी काय, येईलच की." आणि ती हसत पुढच्या लोकांकडे गेली.

अमृत उठला. त्याचे डोळे भरले होते; अशा दिवशी सगळ्याच पोरांचे भरतात, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याचं नाव पुकारलं, तो ताठ चालत गेला, सलाम ठोकला, दाखला घेतला. मी टाळ्या वाजवल्या. सुधाकररावांनीही वाजवल्या, माझ्यापासून चार खुर्च्या सोडून.

घरी यायला त्याला सवड नव्हती. जहाज ठरलं होतं. तिथूनच परस्पर जायचं होतं, आणि दीड वर्ष उतरायचं नव्हतं. उमेदवारीलाही ती अविवाहितची अट होतीच. फाटकापर्यंत तो आम्हाला सोडायला आला. आईशी बोलला, भावाशी बोलला. माझ्याशी बोलला नाही. बोलण्यासारखं सगळं होतं आणि आजूबाजूला माणसं होती.

रस्त्याला लागल्यावर सासू रडायला लागली. "माह्याच्यानं चूक झाली. तुले आणाचंच नव्हतं. त्यानं तुये पाय धरले, वहिनी म्हणून धरले. आता तुह्या बापाले मी काय सांगू?"

"आत्याबाई," मी म्हटलं, "त्यायनं पाय नाही धरले. अंगठा धरला. उजवा."

ती चालता चालता थांबली. सुधाकरराव पुढे निघून गेले होते. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि तिचं रडणं तोंडातच राहिलं.

"पुढं सरकवला?"

"एकदा," मी म्हटलं. "बाबाले सांगा, उटनूरवाल्यायले 'नाही' म्हणून कळवा. सहा पावलं राहिली. ते दीड वर्षानं येते, तवा चालतो आमी."